गटिंग, शटल आणि काकांची वही

बॅडमिंटनच्या या दुकानाचं नाव लिहायचं माझ्या मनात होतं. तसं विचारलंही. दुकानवाले काका म्हणाले, "नाव नका टाकू ताई. नाव वाचून गिऱ्हाईक येत नाही, उधारीवाले येतात." तेव्हा एवढंच सांगते, नागपुरात बर्डीवर मेन रोड सोडून आत वळायचं, खाली शिंप्याचं दुकान आहे, त्याच्या बाजूच्या अरुंद जिन्याने वर जायचं. बॅडमिंटन खेळणाऱ्या कुठल्याही पोराच्या आईला विचारा, ती सांगेल. ज्याला गरज नाही त्याला तसंही ते सापडत नाही.

मी एका सरकारी कार्यालयात लेखा शाखेत आहे. दुसऱ्यांची बिलं तपासायची आणि त्यावर शेरे मारायचे, हे माझं पोटापाण्याचं काम. लेक नववीत आहे. पाच वर्षं झाली खेळतेय, त्यातली शेवटची तीन जरा गंभीरपणे, म्हणजे पहाटे साडेपाचला स्कूटरवर मागे बसून झोपतच हॉलला जाते आणि संध्याकाळी पुन्हा. या तीन वर्षांत घरातल्या किराणा दुकानाइतकी मी या दुकानात गेलेय, आणि सवयीने प्रत्येक रुपया लिहून ठेवलाय. म्हणून हा रिव्ह्यू लांबणार आहे.

आधी गटिंगबद्दल, म्हणजे रॅकेटला तार ओढण्याबद्दल, कारण दुकान मुळात त्यासाठी आहे. दुसऱ्या एका मोठ्या दुकानात आम्ही वर्षभर रॅकेट टाकत होतो. दर वेळी आठ-दहा दिवसांत तार तुटायची, आणि दर वेळी उजव्या खांद्यापाशी, एकाच जागी. तिथला माणूस म्हणायचा, तार हलकी आहे, भारीतली टाका. आम्ही भारीतली टाकायचो. तीही तुटायची, तिथेच. शेवटी कुणीतरी इकडे पाठवलं. इथे मशीनवर एक पोरगा बसतो, विशीतला. त्याने रॅकेट घेतली, तार कापून काढली आणि रिकाम्या फ्रेमच्या कडेवरून आंघोळ घालताना बाळाच्या कानामागे फिरवावं तसं बोट फिरवलं. एका भोकाशी थांबला. म्हणाला, "काकू, हे ग्रोमेट फाटलंय. तार फ्रेमवर घासून राहिली." ग्रोमेट म्हणजे तार जिथून जाते त्या भोकातली प्लास्टिकची बारीक नळी. दहा रुपये. वर्षभर मी भारीतल्या तारेचे पैसे भरले होते ते या दहा रुपयांपायी.

त्याचं काम बघत बसायला मला आवडतं. उभ्या बावीस तारा आधी ओढून घेतो, मग आडव्या एक वर एक खाली, चटई विणल्यासारख्या. आडव्यांना पाउंडभर ताण जास्त देतो, म्हणजे फ्रेमचा आकार बिघडत नाही. मशीन डिजिटल आहे, आकडा दिसतो, तरी शेवटी रॅकेट कानाशी धरून अंगठ्याने छेडतोच. अर्धा-पाऊण तास लागतो. तारेसकट सहाशे रुपये, साध्या तारेला साडेचारशे.

लेकीने एकदा कुठलासा व्हिडिओ बघून तारेला अठ्ठावीस पाउंड ताण मागितला. काका गल्ल्यावरूनच बोलले, "अठ्ठावीस? मनगटाले विचारलं का?" चोवीसच टाकले. अठ्ठाविसाची तार लवकर तुटते, म्हणजे त्यांचाच धंदा वाढला असता. माझ्या नोकरीत स्वतःचं बिल कमी करून देणारा माणूस क्वचित दिसतो, म्हणून ही गोष्ट लक्षात राहिली.

नागपूरचा उन्हाळा हा या दुकानाचा दुसरा विषय. शटलच्या डब्यावर वेगाचा नंबर असतो, ७५, ७६, ७७ असा वर चढत जाणारा. हवा तापली की विरळ होते आणि शटल जास्त पळतं, म्हणून गरम गावात कमी नंबरचं घ्यायचं. हे मला इथेच कळलं. त्याआधी ऑनलाइन स्वस्त मिळाले म्हणून मी ७८ चे दोन डबे मागवले होते. काकांनी ते पाहिले आणि म्हणाले, "मे महिन्यात हे खेळलं तर पोट्टी इथून मारन अन् शटल धंतोलीत पडन." शिवाय आपल्याकडची हवा कोरडी. कोरडं पीस दोन स्मॅशमध्ये चिरतं. त्यावरचा उपायही काकांचाच: इडलीपात्रात पाणी उकळायचं, डब्याची दोन्ही झाकणं काढून वाफेवर जेमतेम चार-पाच सेकंद धरायचा, मग बंद करून रात्रभर ठेवायचा. जास्त धरला तर शटल जड होतं. एप्रिल लागला की आमच्या ओट्यावर रात्री दहाला हा कार्यक्रम असतो. सासूबाईंनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विचारलं, "हे उद्याच्या डब्याले का?"

आणि रॅकेट उन्हात गाडीच्या डिकीत ठेवायची नाही. ठेवली होती. तार सैल पडली. तेव्हा काका काही बोलले नाहीत, नुसतं बघितलं.

आता किमतीचं. २०२३ मध्ये पिसांच्या ज्या डब्याला मी साडेतेराशे दिले, त्याच डब्याला आता अडीच हजार देते. बारा शटल. काका लुटतात असं नाही, मी तीन ठिकाणी विचारून पाहिलंय. शटलची पिसं चीनमधल्या हंस-बदकांची. एका शटलला सोळा पिसं लागतात, तीही एकाच बाजूच्या पंखाची, नाहीतर शटल वाकडं फिरतं. तिकडे लोकांनी ही पाखरं खाणं कमी केलं, पाळणाऱ्यांनी पाळणं कमी केलं, आणि २०२५ मध्ये देशभरातल्या अकादम्यांना शटल पुरवून पुरवून वापरायची वेळ आली. चीनमधल्या कुणाच्या ताटात काय आहे यावर नागपुरातल्या पोरीचा सराव ठरतो, हे मला अजून गमतीचं वाटतं. पैसे देताना नाही वाटत.

माझ्या वहीतला एक साधा महिना असा: कोचिंगची फी चार हजार, दोन डबे शटल पाच हजार, तीनदा गटिंग अठराशे, वर्षाला दोन जोड बूट धरले तर महिन्याला साडेसातशे. झाले अकरा हजार साडेपाचशे. यात स्पर्धेला पुण्या-मुंबईला जाणं-येणं, लॉज, प्रवेश फी, फिजिओ काही नाही. खेलो इंडिया या केंद्राच्या योजनेत निवड झालेल्या खेळाडूला हातखर्चाला महिना दहा हजार मिळतात. कोचिंग, राहणं वगैरे धरून त्याच्यावर वर्षाला सहा लाख अठ्ठावीस हजारांची तरतूद असते, हे मान्य. पण त्या यादीत जायला आधी राष्ट्रीय पातळीवर दिसावं लागतं, आणि दिसेपर्यंतचं बिल माझं. त्याच्या वरच्या पायरीवर, ऑलिंपिकसाठी निवडलेल्या खेळाडूंच्या टॉप्स योजनेत, महिन्याला पन्नास हजार हातात मिळतात. वर जिना चांगला बांधलाय. खालच्या आठ-दहा पायऱ्याच नाहीत, तिथे आईबापांनी खांदा द्यायचा.

यावर या दुकानात जेवढी चर्चा होते तेवढी कुठे होत नसेल. गटिंग होईपर्यंत बसायला एक बाक आहे, त्यावर चार पालक असले की विधानसभा. पॅरिस ऑलिंपिकनंतरचा ऑगस्ट २०२४ मला चांगला आठवतो. सरकारने तयारीवर सोळा खेळांत मिळून सुमारे ४७० कोटी खर्च केल्याची बातमी आली होती. त्यात ॲथलेटिक्सला ९६ कोटी, बॅडमिंटनला ७२. पदकं एकूण सहा, बॅडमिंटनला शून्य. २०१२ पासून प्रत्येक ऑलिंपिकला एक तरी यायचं, तेही हुकलं. बाकावरचे एक गृहस्थ, बँकेतून निवृत्त झालेले आणि नातवाला घेऊन येणारे, तावातावाने म्हणाले, "बहात्तर कोटी पाण्यात. बंद करा. इंग्लंडसारखं करा."

इंग्लंडसारखं म्हणजे काय, ते मी घरी जाऊन वाचलं. १९९६ च्या अटलांटात ब्रिटनला एकच सुवर्ण मिळालं होतं, पदकतक्त्यात छत्तिसावे. मग लॉटरीचा पैसा खेळाकडे वळवला, आणि जो खेळ पदक देईल त्यालाच पैसा, असं कडक धोरण ठेवलं. २०१६ ला रिओत सत्तावीस सुवर्णं, दुसरा नंबर. गृहस्थांचं बरोबरच होतं की. पण त्याच रिओत ब्रिटनच्या पुरुष दुहेरीला बॅडमिंटनचं ब्राँझ मिळालं होतं, आणि रिओनंतरच्या वाटपात बॅडमिंटनचा निधी शून्य केला. पदक आणूनही. लंडननंतर बास्केटबॉलचाही असाच शून्य केला होता, का तर पदक येण्यासारखं नाही. गल्लोगल्ली पोरं खेळतात तो खेळ बाद, आणि ज्या सायकली आणि होड्या सामान्य घरात कधी येणार नाहीत ते खेळ श्रीमंत. पुढच्या वेळी मी त्या गृहस्थांना हे सांगितलं. ते म्हणाले, "मग आपण काय करायचं?" तेवढ्यात त्यांच्या नातवाची रॅकेट झाली.

मला स्वतःला काय वाटतं ते सांगते, कारण बिलावर शेरा न मारता सही करायची मला सवय नाही. ४७० कोटी हा आकडा ऐकायला मोठा आहे. नागपूर मेट्रोचा पहिला टप्पा अडतीस किलोमीटरचा, मंजूर खर्च ८,६८० कोटी. म्हणजे पॅरिसच्या सगळ्या तयारीत जेमतेम दोन किलोमीटर मेट्रो झाली असती. माणशी वाटले तर सव्वातीन-साडेतीन रुपये. अडीच हजारांच्या डब्यात बारा शटल, एका शटलला सोळा पिसं, तर एक पीस पडतं तेरा रुपयांना. देशातल्या प्रत्येकाने पॅरिससाठी पाव पीस दिलं. पाव पिसावर एवढं ओरडण्यासारखं काही नाही, आणि पाव पिसात सहा पदकं आली तर महाग नाही.

माझी तक्रार बक्षिसांवर आहे. पदक आलं की कोटींचे आकडे जाहीर होतात. स्वप्निल कुसाळेने पॅरिसला रायफलमध्ये ब्राँझ आणलं, राज्याने एक कोटी जाहीर केले. २०२५ च्या जुलैत आपल्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बटुमीला कोनेरू हंपीला हरवून बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला, राज्याने तीन कोटी दिले. द्यायलाच हवे होते. त्या दिवशी आमच्या कार्यालयातही पेढे वाटले, आणि मी बुद्धिबळातलं ओ की ठो कळत नसताना दोन खाल्ले. पण स्वप्निलचं बघा, त्याला कोटीच्या आधी उभं राहायला मिळालं ते रेल्वेच्या तिकीट तपासनिसाच्या नोकरीवर. दिव्याचे आईवडील दोघेही डॉक्टर. २०२२ ला दिल्लीत सायना नेहवालला हरवणारी मालविका बनसोड नागपूरचीच, तिचे आईवडील दोघेही दातांचे डॉक्टर. २०२३ ला बर्लिनमध्ये दीडशेपैकी दीडशे मारून तिरंदाजीत जगज्जेता झालेला ओजस देवतळेही नागपूरचा, पण सरावाला त्याला सातारा गाठावं लागलं. तेव्हा नागपुरात खेळाला पैसा कोण पुरवतं, तर दवाखाने. मी डॉक्टर नाही. नवरा खासगी कंपनीत आहे. तो फार बोलत नाही, फक्त वर्षातून एकदा, मार्चमध्ये, माझी वही चाळतो आणि म्हणतो, "ऑल्टो झाली असती."

क्रिकेटचं वेगळं. तिथे सरकारकडे हात पसरायची वेळच येत नाही; आयपीएलचे पाच वर्षांचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटींना गेले. रणजी खेळणाऱ्याला दिवसाला चाळीस ते साठ हजार मिळतात, आणि आपल्या विदर्भाने रणजी तीनदा जिंकलीय. त्यामुळे क्रिकेटवाल्या पोरांच्या बापांचे चेहरे आमच्यापेक्षा जरा निवांत असतात. निवड न होणाऱ्यांच्या बापांचे नसावेत.

आता तो मशीनवरचा पोरगा. त्याचे वडील ऑटो चालवतात. सोळाव्या वर्षापर्यंत तो राज्य पातळीवर खेळायचा. काकांकडे कोपऱ्यात एक मोठा प्लास्टिकचा ड्रम आहे, त्यात अकादम्यांकडून आलेली वापरलेली शटल असतात. एक-दोन पिसं मोडलेली, वीस रुपयांना एक. कोच बादलीभर शटल भराभर फेकत सराव घेतात त्याला ती चालतात. हा पोरगा त्या ड्रममधली शटल निवडून न्यायचा, मॅच प्रॅक्टिससुद्धा त्यावरच. मोडक्या शटलवर सराव केला की नेटपाशी हळूच टाकलेला ड्रॉप कुठे पडेल याचा अंदाज चुकतो, आणि स्पर्धेत नवं शटल हातात आलं की ते परकं वाटतं. हे त्यानेच मला सांगितलं, माझ्या लेकीच्या रॅकेटला गाठ मारता मारता. काका त्याला उधारीवर नवे डबे द्यायचे. मग डबा महागला आणि त्याने एक दिवस स्वतःच येऊन विचारलं, "मशीन शिकवता का?"

काकांच्या गल्ल्यात एक लाल कापडी बांधणीची वही आहे. एका पोराला एक पान. एकदा पैसे शोधताना त्यांनी ती माझ्यासमोर उघडी ठेवली आणि मी सवयीने उलट्या बाजूने वाचलं. बऱ्याच पानांवर रकमा होत्या, काहींवर दोन-दोन वर्षांच्या जुन्या. एका पानावर सात-आठ रकमा एकाखाली एक, आणि त्यावर एकच तिरकी रेघ. वसुलीची तारीख नाही, सही नाही. मी म्हटलं, "काका, हे ऑडिटला चालणार नाही." ते म्हणाले, "ते पान त्याचं आहे," आणि हनुवटीने मशीनकडे खूण केली.

तो खेळत राहिला असता तर ऑलिंपिकला गेला असता असं मी म्हणत नाही. बॅकहँड कच्चा होता, असं तो स्वतः हसून सांगतो. माझी लेक जाईल असंही नाही. तिला सेमीफायनलमध्ये दुसऱ्या गेमला रडू येतं. पण बॅकहँड कच्चा आहे म्हणून थांबणं आणि डबा परवडेनासा झाला म्हणून थांबणं यात फरक आहे, आणि तो फरक कुठल्याच तक्त्यात दिसत नाही. मला विचाराल तर पदक आल्यावरच्या एका कोटीतले दहा लाख आधीच काढा आणि जिल्ह्याच्या हॉलला वर्षभराची शटल द्या. अडीच हजारांनी चारशे डबे होतात. त्याची फाइल माझ्याकडे आली तर मी एका दिवसात काढीन.

असो. दुकानाचे दोष सांगायचे राहिले, आणि ते आहेत. दुपारी दोन ते साडेचार बंद, काकांची झोप, भूकंप झाला तरी उघडणार नाही. "संध्याकाळी देतो" म्हणजे त्याच दिवशीची संध्याकाळ असं समजू नका. स्पर्धेच्या आदल्या दिवशी आम्हाला रॅकेट रात्री सव्वानऊला मिळाली, तीही मी जिन्यात उभी राहिले म्हणून. बिल मागितल्याशिवाय मिळत नाही, आणि मागितलं की काका असं बघतात जणू मी त्यांच्या चारित्र्यावर संशय घेतला. गाडी लावायला जागा शून्य; खालचा शिंपी ओरडतो आणि त्याचं बरोबर आहे. बुटांचे साईज नेहमी एक तर मोठे नाहीतर लहान. एकदा डब्यावर ७६ आणि आत ७७ निघालं, ते मात्र त्यांनी न बोलता बदलून दिलं. आणि एसी नाही. मे महिन्यात त्या बाकावर बसणं हीच एक खेळस्पर्धा आहे, माठातलं पाणी गार असतं एवढंच.

जायचं असेल तर सकाळी अकराच्या सुमारास जा, पोरगा मशीनवर असतो आणि गर्दी नसते. त्याच्याच हातून गटिंग करून घ्या, काकांच्या नाही. काकांची नजर आता आडव्या तारांवर ठरत नाही, हे त्यांनाही माहीत आहे. ग्रोमेट आधी तपासायला सांगा. ड्रममधली शटल घेणार असाल तर एकेक बोटांत फिरवून बघा, बुचाला तडा गेलेलं घेऊ नका. पैसे मोबाइलवरून चालतात.

पाचातले साडेचार तारे. अर्धा दुपारच्या झोपेचा कापला.

गेल्या शनिवारी बक्षीस समारंभाची गर्दी होती आणि माझा फोन बंद पडला, पर्सही घरी. दोन गटिंग आणि एक ग्रिप झाली होती. काकांनी काही न विचारता वही काढली आणि नवं पान उघडलं. तेराशे वीस रुपये, माझ्या लेकीच्या नावावर. पाच तारखेला देते म्हटलंय.